शंभर बैसा म्हणजे किती?

मस्कतच्या नोकरीचे पत्र आले तेव्हा अलिबागच्या त्या घरात सगळ्यांनी पगाराचे रुपये करून पाहिले. खर्चाचे कोणीच केले नाहीत. ही चूक पुष्कळ घरांत होते.

आजीने विचारले, “अरे, शंभर बैसा म्हणजे किती?”

“एक रियाल!” नातू म्हणाला.

चुकला. (अरबीत ‘प’ नाही, म्हणून आपल्या पैशाचा तिथे बैसा झाला.) ओमानी रियालाचे १००० बैसा होतात, आणि १९८६पासून एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर. तेव्हा शंभर बैसाही थोडे नव्हेत.

मग वही निघाली. रुवीतले घरभाडे, उन्हाळाभर चालणाऱ्या एसीची वीज, मुलीच्या शाळेची फी. वजाबाकी झाली. पैसे उरत होते, पण तो एकटा गेला तरच.

सुनेने वही मिटून फळीवर ठेवली.