गुडघ्यांवरचे तीन दिवस

वसईतील आमच्या जुन्या घराची डागडुजी पावसापूर्वी आटोपावी, म्हणून आम्ही उभयतांनी एप्रिलच्या अखेरीस स्वयंपाकघर रिकामे केले. तेथील शहाबादी फरशी वडीलधाऱ्यांच्या काळची. तिच्यावर पाट मांडून घरातली माणसे जेवली आणि तिच्यावरच गुडघे टेकून सायंकाळची जपमाळ म्हणत आली. आता ती ठिकठिकाणी खचली होती. तिच्या जागी एक फुटी सिरॅमिक फरश्या घालावयाचे ठरले. खोली १० फूट लांब आणि ९ फूट रुंद.

शेजारच्या गावातील एका वयस्क गवंड्यांना बोलाविले. परंतु मजुरीवरून बिनसले. चौरस फुटामागे पाच रुपये कमी करावेत, असा आमचा हट्ट. हिशेब केला तर प्रश्न अवघ्या ४५० रुपयांचा! "परवडत नाही, बाई," एवढेच म्हणून त्यांनी आपली पिशवी उचलली. आम्हीही ईरेस पेटलो. फरशी बसविण्यात असे काय मोठे शास्त्र आहे? आपणच बसवू!

कामास आरंभ केला तो दिवस १ मेचा, श्रमिक संत योसेफाच्या सणाचा. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या सकाळी मिस्सामध्ये धर्मगुरूंनी पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ मधील परिपत्रकाचा उल्लेख केला. कामगाराने नाइलाजाने मान्य केलेली मजुरी न्याय्य असतेच असे नाही, हा त्यातील विचार त्यांनी समजावून सांगितला. आम्ही माना डोलाविल्या आणि घरी येऊन सिमेंट कालविले.

भिंतीला लागून पहिली ओळ लावली. सहाव्या ओळीपर्यंत पोहोचलो, तेव्हा एका बाजूला बोटभर फट पडलेली. जुन्या घराची भिंत काटकोनात नव्हती! तीन, चार व पाच फुटांचा त्रिकोण आखून कोपरा तपासावयाचा असतो, हे शाळेत शिकलो होतो. पण त्याची आठवण झाली ती चूक घडल्यावर. एकमेकांना दोष देण्यात अर्धा तास गेला. मग मुकाट्याने साऱ्या ओळी उचलल्या, खोलीच्या मध्यावर दोरी ताणली आणि पुन्हा आरंभ केला.

फरश्या आधी पाण्यात भिजवावयाच्या, नाहीतर त्या मालातील पाणी शोषून घेतात आणि पकड राहत नाही. खाली माल सारखा पसरावयाचा, फरशी ठेवून रबरी हातोडीने हलकेच ठोकावयाची, पातळी पाहावयाची, कमी-अधिक असल्यास उचलून पुन्हा ठेवावयाची. हे सारे गुडघ्यांवर. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, सिमेंटने बोटांची सालटी निघाली. रात्री हात धुताना आमच्यापैकी एकाने विचारले, "त्यांचे वय काय असेल हो?" दुसऱ्याने उत्तर दिले नाही. कोणाविषयी विचारले, हे दोघांनाही ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी शेवटची फरशी बसली. आम्ही दोघे त्या गवंड्यांच्या घरी गेलो. चूक आमची होती, असे स्पष्ट सांगितले. ते काही बोलले नाहीत. चप्पल घातली आणि आमच्याबरोबर आले. स्वयंपाकघरात उकिडवे बसून त्यांनी खिशातील नाण्याने एकेक फरशी वाजविली. कोपऱ्यातील दोन फरश्यांचा आवाज निराळा आला.

"खाली पोकळ आहे. वरून कळत नाही. आत्ता निघतील, पुढे पाय पडला की फुटतील."

त्यांनी त्या दोन्ही काढल्या, खाली माल भरला आणि पुन्हा बसविल्या. स्नानगृहाचे काम त्यांनी सांगितलेल्या दराने त्यांनाच दिले. त्या ४५० रुपयांचे तेवढ्याने पूर्ण निवारण झाले, असे आम्ही मानीत नाही.

आता त्याच जागी आम्ही रोज सायंकाळी जपमाळेसाठी गुडघे टेकतो. फरशी सपाट, सुंदर दिसते. पाहुणे कौतुकही करतात. परंतु मिस्सामध्ये मान डोलाविणारे आम्ही आणि पाच रुपयांसाठी अडून बसणारे आम्ही, या दोहोंमधील पोकळी आम्हाला त्या कोपऱ्यात गेल्यावर आठवते. ती भरावयाचे काम अजून चालू आहे.