गच्चीवरचा धाकटा

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात राउटर दोन. थोरला बैठकीत, टीव्हीशेजारी. फायबरची तार त्याच्याकडेच येते, म्हणून त्याचा मान मोठा. सासूबाई त्याच्यावर विणलेला रुमाल टाकतात. तो तापतो, रुमाल काढा म्हटलं तर धूळ बसेल म्हणतात. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

धाकटा गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. खरं तर वयाने तोच मोठा. रंग कधीकाळी पांढरा होता. दोन अँटेनांपैकी एकीची मान मोडली आहे, ती चिकटपट्टीने ताठ केलेली. कनेक्शन बदललं तेव्हा नवा राउटर आला, आणि हा रद्दीवाल्याच्या पिशवीत जाता जाता राहिला. कारण वरच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसते आणि तिथे रेंज येत नव्हती.

मध्ये सळयांनी भरलेले दोन स्लॅब. जी काही लहर वर यायची ती जिन्याच्या पोकळीतून, आणि जिन्याच्या तोंडाशी हजार लिटरची काळी टाकी. आमच्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे टाकीशिवाय घर नाही. आणि पाणी वायफायची लहर पिऊन टाकतं. टाकी रिकामी असली की वर थोडंफार चालायचं. खालून ‘पाणी आलं गं’ अशी हाक गेली की वरून उत्तर यायचं, ‘म्हणजे आता नेट गेलं!’

मुलगी जवळच्याच शासकीय तंत्रनिकेतनात शिकते. धाकट्याला कामावर परत घेतलं तिनेच, पण अधिकार काढून. दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते आणि दोघेही घरातल्या फोनांना पत्ते वाटत होते. धाकटा ज्याला पत्ता देई त्याला बाहेरचं दारही स्वतःचंच दाखवी, आणि त्याच्या दारापलीकडे काहीच नव्हतं. तिने त्याचं पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याचा क्रमांक १.२ केला आणि जिन्यातून आणलेली तार साध्या लॅनच्या खाचेत खोचली. ‘इंटरनेट’ असं लिहिलेली त्याची खाच तेव्हापासून रिकामी आहे. त्याची काही तक्रार नाही.

प्लगात खोचायचा रिपीटर आणला असता तर तार ओढावी लागली नसती. पण साधा रिपीटर ज्या रेडिओने ऐकतो त्यानेच बोलतो, वेग जवळपास निम्मा होतो. ठोकाठोकी झाली, भिंतीचे पोपडे पडले, तरी मी तारेच्याच बाजूची.

धाकट्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ येतं. हा पट्टा आपल्याकडे २००५ साली विनापरवाना खुला झाला, त्यामुळे त्यावर गर्दी फार. चॅनेल तेरा, पण एकमेकांच्या पायात न येणारे म्हणून तीनच वापरतात: १, ६ आणि ११. थोरला १ वर, धाकटा ११ वर. ६ वर अख्खी गल्ली. थोरल्याला ५ गिगाहर्ट्झही येतं. ते वेगवान खरं, पण भिंती लागल्या की दमतं. धाकटा सावकाश बोलतो, पण मोरीच्या भिंतीपलीकडेही ऐकू येतो. मे महिन्यात पत्रा तापला की मात्र दुपारी मुकाट बंद पडतो.

दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. कोणाकडे जायचं ते फोन ठरवतो, आणि फोन भारी हट्टी. सासूबाई कुरडया घालायला वर येतात, धाकटा चार हातांवर असतो, तरी त्यांचा फोन थोरल्याची उरलीसुरली रेंज सोडत नाही. कीर्तन मध्येच अडकतं. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की लगेच धाकट्याशी जुळतं, हे नातीने त्यांना शिकवलंय. आता त्या गच्चीवर आल्या की आधी ते करतात, कीर्तन लावतात आणि मग पदर खोचून सोऱ्या हातात घेतात.