शिक्क्यापुरतं बेट

कोपरगावच्या स्टेशनावर उतरणारा बहुतेक माणूस कोपरगावला आलेला नसतो. शिर्डीला रेल्वे नव्हती तेव्हा साईभक्त आमच्याकडे उतरायचे, फलाटावरच्या नळाला तोंड धुवायचे आणि मिळेल त्या गाडीनं निघून जायचे. पुढं शिर्डीला स्वतःचं स्टेशन झालं. 2017 साली विमानतळ झाला, तोही आमच्याच तालुक्यात, काकडीच्या माळावर. नाव मात्र शिर्डीचं. गावात अजून कुणीतरी यावर कुरकुरतं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. दुसरीकडे जाण्यासाठीच ज्या गावात उतरायचं, अशी गावं जगात पुष्कळ आहेत, आणि पाठीवर सॅक टाकून स्वस्तात हिंडणाऱ्याला तीच अधिक भेटतात.

थायलंडच्या अगदी दक्षिणेला, अंदमान समुद्रात, को लिपे नावाचं एवढंसं बेट आहे. समोर मलेशियाचं लंकावी. मोसमात दोन्हींमध्ये बोट चालते, दीडेक तास लागतो. पावसाळी वारे सुरू झाले की ती बंद. जुलै 2024मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय साठ दिवस राहायची मुभा दिली. मलेशियानं त्याआधीच, डिसेंबर 2023पासून, तीस दिवसांची दिली होती. माझी थायलंडमधली मुदत सरत आली, तेव्हा समोर दोन वाटा होत्या. मुख्य भूमीवर सातूनच्या कचेरीत जायचं, अर्ज भरायचा, फोटो चिकटवायचा, 1,900 बाथ मोजायचे आणि तीस दिवस वाढवून घ्यायचे. नाहीतर बोटीनं लंकावीला जायचं, चार दिवस तिथं काढायचे आणि नव्या शिक्क्यानिशी परत यायचं.

हिशेब सोपा वाटतो, तसा नसतो. मुदतवाढीच्या पैशांत सातूनला जायची बोट, यायची बोट आणि तिथली एक रात्र मिळवावी लागते. लंकावीच्या बाजूनं बोटीचं तिकीट महाग, पण पोट स्वस्तात भरतं. तिथं तमिळ मुसलमानांच्या टपरीवर ‘रोटी चनाई’ मिळते, पराठ्याची लांबची बहीण. सोबत वाटीभर डाळ आणि उंचावरून ओतलेला फेसाळ चहा. नगरी जिभेला तिखट कमी पडतं, तक्रार एवढीच. शिवाय थायलंडमध्ये जमिनीनं किंवा समुद्रानं असा विनाव्हिसा प्रवेश तेव्हा कॅलेंडरच्या एका वर्षात दोनदाच मिळायचा. म्हणजे ही युक्ती हातची राखून वापरायची. खिडकीतला अधिकारी परतीचं तिकीट आणि पुरेसे पैसे दाखवायला सांगू शकतो. काटकसरीनं हिंडणाऱ्यालाही आपण कंगाल नाही हे सिद्ध करावं लागतं. म्हणून खात्यात शिल्लक ठेवायची, तिला हात लावायचा नाही आणि केळी खाऊन दिवस काढायचा. याला कुणी वैराग्य म्हणू नये. ज्याच्यामागं घर आहे, त्याचीच ही चैन.

शेवटी मी लंकावीला जाऊन आलो. परत लिपेला उतरण्याची तऱ्हा मला आवडली. पासपोर्ट बोटीवरच गोळा करून घेतात. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, म्हणून लांब शेपटीच्या होडीत बसवतात आणि ती गुडघाभर पाण्यात सोडते. चपला हातात, विजार वर दुमडलेली, अशा अवताराने माणूस एका देशात प्रवेश करतो. वाळूलगतच कचेरी. बाहेर सावलीत थांबायचं आणि आपल्या आडनावाचे तुकडे होऊन हाक आली की पुढं व्हायचं. रांगेतले पुष्कळ जण बेट बघायला आलेलेच नव्हते. त्यांना तारीख हवी होती.

आत्याला फोनवर हे सांगितलं.

“तिकडं काय बघितलं मग?”

“काही नाही आत्या, शिक्का मारून घेतला.”

“शिक्क्यासाठी समुद्र वलांडतो व्हय रे? आन् आपलं बेट बघायचं म्हणलं की तुला ऊन लागतं!”

आपलं बेट म्हणजे गोदावरीकाठचं कोपरगाव बेट. शुक्राचार्यांचा आश्रम तिथं होता असं मानतात. त्यांचं देऊळ आहे, कचेश्वराचंही आहे. शुक्राचार्यांच्या देवळात लग्न लावायला मुहूर्त बघावा लागत नाही, अशी श्रद्धा आहे. तारखांनी हैराण झालेल्याला ती फारच उदार वाटते. कच तर मला आता वेगळाच दिसू लागलाय. शत्रूच्या मुलखात विद्यार्थी म्हणून शिरला, राक्षसांनी पुन्हापुन्हा मारला, देवयानीच्या रदबदलीनं पुन्हापुन्हा उठला. संजीवनी हाती येईपर्यंत त्याची मुदत वाढतच गेली, आणि दर वाढीला फी म्हणून जीव द्यावा लागला. 1,900 बाथ त्यापुढं काहीच नाहीत.

राघोबादादांची गोष्ट याच्या उलटी. 1775मध्ये ते सुरतेला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुढच्या वर्षी पुरंदरच्या तहात त्यांनी कोपरगावी येऊन राहावं असं ठरलं. ते काही आले नाहीत. कधी सुरत, कधी मुंबईचं बेट, असा कंपनीच्या मर्जीवर मुक्काम लांबवत राहिले. 1782च्या सालबाईच्या तहानं महिना 25,000 रुपयांची नेमणूक झाली, तेव्हा कुठं ते गोदाकाठी स्थिरावले, आणि डिसेंबर 1783मध्ये गेलेही. त्यांना एका जागी बसवणं हाच त्या तहांमधला मोठा मुद्दा होता. माणूस कुठं राहतो यावर राज्य कुणाचं हे ठरायचं.

लिपेवर हेच दुसऱ्या टोकानं घडलेलं आहे. तिथले मूळचे लोक उराक लावोई, समुद्रावरचे भटके. लंकावी, लिपे, अदांग ही बेटं त्यांना एकाच अंगणातली वाटावीत. वाऱ्याप्रमाणं इकडून तिकडं जायचं, मासे धरायचे. 1909मध्ये इंग्रज आणि सयाम, म्हणजे तेव्हाचा थायलंड, यांच्यात करार झाला. केदाह प्रांत, आणि त्याबरोबर लंकावी, इंग्रजांकडे गेला. सातून सयामकडे राहिला. मधल्या पाण्यात रेघ पडली. लिपे आपल्याच बाजूला राहावं म्हणून सयामी अधिकाऱ्यांनी या लोकांना तिथं वस्ती करून राहायला लावलं. बेटावर आमची माणसं आहेत, असं सांगता यावं म्हणून. ज्या रेघेसाठी त्यांचं हिंडणं थांबलं, तीच ओलांडून आम्ही आमचं हिंडणं वाढवून घेतो.

आज लिपेवर पर्यटकांसाठी चालायचा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांना मसाज, पिझ्झा, पोहायचे चष्मे. उराक लावोईंची घरं आतल्या बाजूला दाटीनं उभी आहेत. जमिनीचे कागद दुसऱ्यांच्या नावावर झाल्याचे तंटे वर्षानुवर्षं चालू आहेत. शाळेकडं जाणारी वाट कुंपणानं अडवली म्हणून अलीकडे ते लोक रस्त्यावरही उतरले. मला किनाऱ्यावर सोडणारा होडीवाला त्यांच्यापैकीच होता. भाडं ठरलेलं, घासाघीस नाही. लंकावीला त्याचे नातलग आहेत. जातोस का, असं विचारलं तर म्हणाला, पासपोर्ट काढायला मुख्य भूमीवर जावं लागतं, आणि मोसमात होडी सोडून जाणार कसं.