मुख्याध्यापकांची वर्गफेरी : किती वेळा आणि कशासाठी?

स्मरणिका म्हटली की तीत संस्थेची वाटचाल, देणगीदारांची नामावली आणि दहावीच्या निकालाचे तक्ते येणे स्वाभाविकच आहे. ते यावेतही, कारण ज्यांनी आपल्या भाकरीतला चतकोर तोडून ही शाळा उभी केली, त्यांचा तो हक्क आहे. परंतु शाळा खऱ्या अर्थाने चालते ती वर्गाच्या चार भिंतींत, आणि तेथे काय घडते याची नोंद सहसा कोठेच राहत नाही. म्हणून आम्ही या लेखासाठी वरकरणी किरकोळ वाटणारा विषय निवडला आहे. मुख्याध्यापकांनी कसलाही गाजावाजा न करता शिक्षकांच्या वर्गात किती वेळा जावे?

शिक्षक कक्षात या प्रश्नावर आम्ही पुष्कळ वाद घातले आहेत. कोणी म्हणतात, वर्षातून दोनदा लॉगबुक भरले जाते तेवढे पुरे. कोणी म्हणतात, शिक्षकावर विश्वास असेल तर जाऊच नये. पालकसभेत मात्र एखादी आई उठून सरळ विचारते, "हेडसर वर्गावर येतात का हो?" आम्हांस वाटते, प्रश्नाचे मर्म त्या माऊलीस अधिक कळले आहे.

लॉगबुकाची पाठतपासणी कशी होते हे आमच्या पेशातील सर्वांना ठाऊक आहे. तारीख आधी कळते. टाचण स्वच्छ अक्षरांत लिहिले जाते, कपाटातील तक्ते आणि नकाशे भिंतीवर येतात, हुशार मुले पुढच्या बाकांवर बसतात. पस्तीस मिनिटांचा तास निर्विघ्न पार पडतो आणि नोंदवहीत 'फलकलेखन सुबक, वर्गनियंत्रण चांगले' असा शेरा उमटतो. यात कोणी लबाडी करतो असे नाही. घरी पाहुणे यायचे असले की आपण अंगण झाडतोच. पण पाहुण्याला झाडलेले अंगण दिसते, घर कसे चालते ते दिसत नाही.

ही उणीव आमच्या समाजाच्या थोर शिक्षकाने फार पूर्वी हेरली होती. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण बहुजनांच्या दारापर्यंत पोहोचावे, ही त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात शाळांच्या देखरेखीविषयीही त्यांनी लिहिले आहे, तिकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. डेप्युटी इन्स्पेक्टराच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीने काही साधत नाही, निदान दर तिमाहीस तपासणी व्हावी, शिवाय एरवीही आगाऊ सूचना न देता शाळा पाहाव्यात, असे जोतीरावांचे म्हणणे होते. आणि ज्या निवेदनात त्यांनी ही देखरेख मागितली, त्यातच त्यांनी शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, अशीही मागणी केली. शिक्षकाचा मान आणि शिक्षकाच्या वर्गावरील नजर या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. स्वतः शाळा चालविलेल्या माणसाचे हे मत आहे.

वर्षातून एकदा येणाऱ्याला काय दिसत नाही, याचे उदाहरण बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत सापडते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांनी आपले डबे ठेवले होते. अस्पृश्य मुलगा फळ्याकडे निघताच ती मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला ओढले. चरित्रकारांनी नोंदविलेला हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो एक साधा, रोजचा तास होता. तपासणीच्या दिवशी फळ्यामागे डबे राहत नाहीत. अपमान घडतो तो असा रोजच्या तासाला, कोणी पाहत नसताना.

आज डबे हलविले जात नाहीत, निदान आमच्या शाळेत तरी नाहीत. पण कोणाला उत्तर विचारले जाते आणि कोणाला वगळले जाते, कोणाची वही तपासली जाते, शेवटच्या बाकावर कोण कायमचे बसते, कोणाच्या बोलीला वर्ग हसतो, या गोष्टी आजही रोजच्या तासालाच घडतात. त्या ठरवून आखलेल्या पाठात दिसणार नाहीत.

इतके असूनही शिक्षकांना वर्गभेटीची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. आमच्या नोकरीच्या आरंभी, दुसऱ्या एका संस्थेत असताना, मागासवर्गीय शिक्षकांपैकी तिघांनी बिंदुनामावलीची माहिती लेखी मागितली. त्यात आमचीही सही होती. पुढच्याच आठवड्यापासून तेथील मुख्याध्यापक आम्हा तिघांच्याच वर्गांवर रोज येऊ लागले. दारात उभे राहून, मुलांदेखत टाचणवही मागत. शेजारच्या वर्गात, जेथे गुरुजी खुर्चीवर डुलक्या घेत, तेथे त्यांचे पाऊल कधी वळले नाही. महिन्याभरात तिघांच्याही हाती 'खुलासा करावा' असे पत्र पडले. त्या काळात व्हरांड्यात चपलांचा आवाज आला की हातातला खडू थांबत असे.

वर्गभेट हे हत्यार कसे होते, ते आम्ही तेथे शिकलो. भेट क्वचित असली, निवडक असली आणि तिच्या मागोमाग कागद येत असला की ती पाळत ठरते. यावर भेटी बंद करणे हा उपाय नव्हे. त्या सर्वांच्या आणि सारख्या व्हाव्यात, इतक्या वारंवार व्हाव्यात की मुख्याध्यापक आत आले तरी एकाही मुलाने मान वळवू नये. नित्य येणाऱ्या माणसाचे भय राहत नाही.

आपल्या धम्मपरंपरेत याचा आदर्श आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. तथागत आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांतून फेरी घालीत होते. एका खोलीत अतिसाराने आजारी असलेला भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला त्यांना दिसला. तो इतरांच्या काही कामी येत नाही, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी संघाला एकत्र बोलावून समजाविले की येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? निवासी शाळेत काम करणाऱ्याने हा प्रसंग विसरता कामा नये. आमच्या मुलांचे आईबापही येथे नसतात. कोणाचे ऊसतोडीला गेलेले असतात, कोणाचे वीटभट्टीवर. आणि तो भिक्खू दिसला, कारण तथागत फेरीवर निघाले होते. ते आसनावर बसून अहवालाची वाट पाहत राहिले असते तर अहवाल आलाच नसता.

आता किती वेळा, याचा हिशोब मांडू. समजा, शाळेत वीस शिक्षक आहेत. शिक्षण हक्क अधिनियमानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस कामकाज हवे. त्यातून परीक्षा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, मुख्याध्यापकांच्या तालुक्याच्या बैठका वजा जाता १५० दिवस तरी हाती उरावेत. रोज दोन वर्ग, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे दिवसाची केवळ वीस मिनिटे. वर्षात ३०० फेऱ्या होतात आणि प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला पंधरा येतात. म्हणजे साधारण पंधरवड्याला एक. लॉगबुकाच्या दोन तपासण्यांत मुख्याध्यापक त्या शिक्षकाचे अध्यापन सत्तर मिनिटे पाहतात. या फेऱ्यांत ते दीडशे मिनिटे पाहतील, आणि तेही पंधरा वेगवेगळ्या दिवशी. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे पहिल्या सत्रात आठवड्याला एकदा जावे. त्याला आधाराची गरज अधिक असते. याहून अधिक फेऱ्या घालू नयेत. रोज उठून त्याच वर्गात गेले तर शिक्षकाचा श्वास कोंडतो.

फेरीचे काही नियम मात्र पाळले पाहिजेत. हातात वही नसावी. दारात उभे न राहता मागच्या बाकावर मुलाशेजारी बसावे, शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे अधिक पाहावे. मुलांसमोर शिक्षकाला काही बोलू नये. त्याच दिवशी एकांतात एखादीच गोष्ट सांगावी, शक्य तर प्रश्नाच्या रूपात. या भेटीतले काहीही गोपनीय अहवालात जाऊ नये. आणि कोणाच्या वर्गात कोणत्या तारखांना फेरी झाली, याचा शेरे नसलेला साधा तक्ता शिक्षक कक्षात लावावा. ज्याच्या मनात पक्षपात आहे, त्याला असा तक्ता लावणे जड जाईल. निवासी शाळेत रात्रीच्या अभ्यासिकेचाही या फेरीत समावेश हवा. दिवसा न कळलेला धडा मूल तेथे एकटेच उलगडू पाहत असते.

अशा भेटींतून काय हाती लागते, ते आम्ही याच शाळेत पाहिले आहे. एका तरुण सहकाऱ्याच्या विज्ञानाच्या तासाला मुख्याध्यापक दीड महिन्यात तीनदा बसले. पहिल्या वेळी त्यांना तास चांगला वाटला. तिसऱ्या वेळी त्यांच्या ध्यानात आले की तांड्यावरून आलेली एक मुलगी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेजारणीच्या कानात गोरमाटीत सांगते आणि शेजारीण ते मराठीत मोठ्याने सांगून शाबासकी घेते. संध्याकाळी त्यांनी सहकाऱ्यास एवढेच विचारले, "ती मुलगी कोणत्या भाषेत विचार करते, सर?" दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गात उत्तर आधी आपल्या बोलीत आणि मग मराठीत सांगण्याची मुभा मिळाली. दिवाळीनंतर ती मुलगी फळ्यापाशी उभी राहून प्रयोग समजावून सांगत होती. एका भेटीत हे कळले नसते. तिसरी भेट झाली म्हणून कळले.

मुख्याध्यापकांना वीस मिनिटे मिळत नाहीत, ही तक्रारही खरी आहे. यू-डायसची माहिती, 'सरल'वरील नोंदी, पोषण आहाराचा हिशोब, तातडीने मागविलेले अहवाल यांत त्यांचा दिवस संपतो. येथे संस्थेने आणि माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना संगणकाचे काम उत्तम येते. सभागृहाला रंग देण्यासाठी आपण वर्गणी काढतो, तशीच एका लिपिकाच्या मानधनासाठीही काढू या. त्या पैशांतून मुख्याध्यापकांचा वेळ मोकळा होईल आणि तो वेळ शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल.

पालकांनीही पुढील सभेत निकालाच्या टक्केवारीबरोबर तो तक्ता पाहण्याची मागणी करावी. वर्गाचे दार आतून उघडे ठेवणे आम्हा शिक्षकांचे काम आहे, त्यातून नित्य आत येणे मुख्याध्यापकांचे, आणि ते येतात की नाही हे विचारणे तुम्हा सर्वांचे.

जयभीम! नमो बुद्धाय!