टाकीचे झाकण

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल असेल. ती चालू झाली नाही, की घरातली मोठी माणसे काय करतात ते एकदा नीट बघा. आधी किकवर किक मारतात. मग घाम पुसतात. आणि मग आदल्या दिवशी ज्याने गाडी नेली असेल, त्याला हाक मारतात, "काल गाडीला काय केलंस रे?" मीही एकदा असेच केले होते. तीच हकीकत तुम्हांला सांगतो.

१९९६ सालचा ऑगस्ट महिना होता. आम्ही मालेगावात राहत होतो. अब्बांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. अब्बांनी गाडी चालवणे सोडल्यावर ती माझ्याकडे आली. मी तिला फार जपत असे. त्या पावसाळ्यात तिच्या टाकीत पाणी जाऊ लागले. टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र होते. पाणी तिथूनच जात असणार, असे मला वाटले. नळाची गळती बुजवायला बाजारात लुगदी मिळते ना, ती आणून मी ते छिद्र बुजवून टाकले. झाकणाची रबरी वायसरही नवी बसवली. मोठे हुशारीचे काम केले, असे वाटून मी खूश झालो.

माझ्या धाकट्या भावाने नुकताच आय.टी.आय.मधून फिटरचा कोर्स पुरा केला होता. मुंबईच्या एका कारखान्यातून त्याला मुलाखतीचे पत्र आले. दुपारी एकच्या आत तिथे हजर व्हायचे होते. मनमाडहून पहाटे मुंबईला पंचवटी एक्सप्रेस जाते. मालेगावपासून मनमाड साधारण पस्तीस किलोमीटर. मी म्हणालो, "एसटीची वाट कशाला बघतोस? मी तुला गाडीवर सोडतो." आदल्या संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरून घेतली. अम्मीने पराठे बांधून दिले. पहाटे चार वाजता आम्ही निघालो.

दहा-बारा किलोमीटर गेलो असू. गाडी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. सगळीकडे मिट्ट काळोख. मी किक मारू लागलो. गाडी चालू होईना. भावाने बॅटरी धरली आणि मी पान्याने प्लग काढला. तो टोपीत बसवला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. छान निळी ठिणगी पडली. (हे करताना प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा लागतो. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते.) ठिणगी तर ठीक होती. पण प्लग अगदी कोरडा होता. इतक्या किका मारल्यावर तो पेट्रोलने ओला व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांसमोर उत्तर होते, पण मला ते वाचता आले नाही.

भाऊ हळूच म्हणाला, "भाईजान, पेट्रोल खाली येत नसेल. टाकीचं झाकण उघडून बघू का?"

मी खेकसलो, "कालच टाकी भरली आहे. बघायचं काय त्यात? परवा तू गाडी नेली होतीस. तूच काहीतरी बिघडवलं असशील!"

तो गप्प बसला. थोड्या वेळाने गाडी आपोआप चालू झाली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बंद पडली. पुन्हा किका, पुन्हा माझी बडबड. शेवटी भावाने पिशवी उचलली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून कांद्याचा एक ट्रक थांबवला. ट्रकमध्ये चढताना त्याने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

मी थांबत थांबत मालेगावला परतलो. गॅरेजच्या थोडे अलीकडे गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा ती ढकलत नेली. उस्तादांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले. किक मात्र एकदाही मारली नाही. त्यांनी प्लग काढून पाहिला. मग कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप सुटा केला आणि कॉक उघडला. चार थेंब पडले आणि थांबले. मग त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. फुस्स! टाकीने हवा आत ओढून घेतली आणि पाइपातून पेट्रोलची धार लागली.

उस्तादांनी झाकण उलटेसुलटे करून पाहिले. "हे कोणी बुजवलं?"

"मी."

ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "तुझी अम्मी तेलाच्या डब्याला भोकं किती पाडते?"

"दोन."

"का?"

मुलांनो, तुम्हीही घरी हे पाहिले असेल. डब्याला एकच छिद्र पाडले, तर तेल गचके देत पडते. दुसऱ्या छिद्रातून हवा आत गेली, की धार सरळ पडते. टाकीचेही तसेच असते. पेट्रोल खाली गेले, की तेवढी जागा रिकामी होते. तिथे बाहेरची हवा यायला हवी. ती आली नाही, तर टाकीतला दाब कमी होतो आणि पेट्रोल वरच अडकून राहते. गाडी थोडा वेळ उभी राहिली, की कुठून तरी जराशी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. आणि गंमत बघा, टाकी भरलेली असेल तर आत हवा थोडीच असते, म्हणून दाब लवकर उतरतो. मी टाकी काठोकाठ भरली, आणि त्यामुळेच गाडी लवकर बंद पडली. भावाने झाकण नुसते उघडले असते, तरी आम्ही वेळेवर मनमाडला पोहोचलो असतो!

उस्तादांनी तारेने छिद्र मोकळे केले. पैसे घेतले नाहीत.

भाऊ दुसऱ्या दिवशी रात्री परत आला. ट्रक मनमाडला पोहोचण्यापूर्वीच पंचवटी निघून गेली होती. पुढच्या गाडीने तो कारखान्यावर पोहोचला, तोवर तीन वाजून गेले होते. फाटकावरच्या माणसाने पत्र पाहिले आणि परत दिले.

अम्मीने त्याला जेवायला वाढले. मी दारात उभा होतो. तो जेवून उठल्यावर मी त्याला बाहेर गाडीजवळ नेले आणि सगळे सांगितले. छिद्र बुजवल्याचे सांगितले, तेलाच्या डब्याचेही सांगितले. सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्याने टाकीचे झाकण उघडले, ओट्यावरच्या दिव्याकडे धरले आणि एक डोळा मिटून छिद्रातून पाहिले. बराच वेळ तो तसाच पाहत राहिला.

मग झाकण लावत म्हणाला, "भाईजान, पुढच्या वेळी मी एसटीने जाईन."

तीन महिन्यांनी नाशिकहून दुसरे पत्र आले. तो खरोखरच एसटीने गेला. मी त्याला गाडीवर फक्त स्टँडपर्यंत सोडले.