पांढरीचा राखणदार

मराठवाड्यातील शेतकरी जमिनीचे दोन भाग मानतो : काळी आणि पांढरी. काळीत पीक डोलते, तर पांढरीवर गाव वसते. एकाच जागी शतकानुशतके घरे बांधली गेली, पडली आणि पुन्हा बांधली गेली, म्हणजे राख, माती व खापरे यांचे थर साचून पांढरीचे उंच टेकाड बनते.

जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन हे अशाच जुन्या पांढरीचे गाव. प्राचीन काळी त्यास भोगवर्धन म्हणत. तेथील दात्यांचे उल्लेख दूरच्या सांची येथील स्तूपाच्या शिलालेखांत आढळतात. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले, तेव्हा एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग हाती आला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे.

याच घडणीची आणखी एक मूर्ती मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी आहे. मात्र ती जगापुढे आली ती एखाद्या विद्यापीठाच्या उत्खननातून नव्हे, तर एका गावकऱ्याच्या संग्रहातून. त्या गावकऱ्याचे नाव रामलिंगप्पा लामतुरे.

तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. पुढे ते वैभव लयास गेले व नगराचे गाव झाले. पावसाने टेकाडे धुपत. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी लोक पांढरी माती खणून नेत. मातीबरोबर मणी निघत, नाणी निघत, मूर्तींचे तुकडे निघत. बहुतेकांच्या लेखी ते निव्वळ खापर होते!

लामतुरे यांनी त्या खापरात आपल्या गावाचा इतिहास पाहिला. पुरातत्त्व हा काही त्यांचा व्यवसाय नव्हता. तरीही त्यांनी वर्षानुवर्षे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती अशा हजारो वस्तू जमवल्या आणि प्राणपणाने जपल्या. १९६० साली डग्लस बॅरेट या इंग्रज विद्वानाने तेरवर पुस्तक लिहिले, ते याच संग्रहामुळे शक्य झाले. आज तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयास लामतुरे यांचेच नाव आहे. गावाचे धन गावातच राहिले.

अशा संग्रहाला एक मर्यादाही असते. भोकरदनच्या मूर्तीविषयी ती कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात होती, हे उत्खनन करणाऱ्यांना नोंदवता आले. वरच्यावर वेचलेल्या वस्तूविषयी तसे सांगता येत नाही. ती बोलते, पण अर्धेच. परंतु जी वस्तू पावसात वाहून गेली किंवा भिंतीत चिणली गेली, ती तर मुळीच बोलत नाही. लामतुरे यांच्या श्रमांचे मोल येथे कळते.

म्हणून आज कोणास जुनी वस्तू दिसली, तर त्याने ती उकरू नये. जागा ध्यानात ठेवून शिक्षकांना वा गावच्या तलाठ्यांना कळवावे. जमिनीत दडलेले मौल्यवान धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदाही सांगतो. खणण्याचे काम जाणकारांचे आहे. परंतु पायाखालच्या मातीकडे डोळसपणे पाहण्यास पदवी लागत नाही. तेरच्या त्या गृहस्थाने हेच दाखवून दिले. काळीची राखण सारेच करतात, कारण ती अन्न देते. पांढरी केवळ पूर्वजांची ओळख देते. म्हणूनच तिला राखणदार विरळा मिळतो.