शंकर विहार ते सेंट्रल सेक्रेटरिएट

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये सगळ्यात जास्त सुख कशाचं मिळालं असं कुणी विचारलं तर मी मेट्रो म्हणतो. वैताग कशाचा आला विचाराल, तरी मेट्रोच. जूनच्या उन्हातून खाली उतरलं की अंगावर गार वारा येतो, आणि पुढच्याच मिनिटाला झडतीची लांबलचक रांग दिसते.

गेल्या वर्षी माझा पलटणीतला जोडीदार गावाहून आला होता. सुरुंगात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून नवा पाय मिळाला, त्यावर तो शेतातही फिरतो. त्याला राष्ट्रीय युद्ध स्मारक बघायचं होतं. आमच्या एका गड्याचं नाव तिथल्या भिंतीवर आहे.

शंकर विहारला झडतीत मशीन वाजलं. सीआयएसएफच्या जवानाने पायाशी यंत्र नेलं, परत वाजलं. याने पँटचा पाय वर केला. जवान क्षणभर थांबला आणि म्हणाला, "जाइए साहब." मागून मात्र एकजण ओरडत होता, जल्दी करो भाई!

हौज खासला गाडी बदलायची. हे स्टेशन चांगलंच खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत. मी म्हटलं, "लिफ्टने जाऊ." तो म्हणाला, "तू जा लिफ्टने." जिन्याच्या तोंडाशी तो उभा राहिला, पायऱ्या मोजल्यासारखा बघत. दोनदा पाऊल मागे घेतलं. शेवटी माझा दंड धरून चढला. पकड इतकी घट्ट, की संध्याकाळपर्यंत वळ होता.

पिवळ्या लाइनवर राखीव जागेवर दोन पोरं कानात इअरफोन घालून बसलेली. मी तोंड उघडणार, तोच त्याने हात दाबला.

"राहू दे रे. पँट दोन्ही पायांना सारखीच आहे, त्यांना काय दिसणार?"

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. अपंगांसाठी अशी पाटी डोक्यावर लावलेली असते, निदान मान वर करून बघावं तरी.

सेंट्रल सेक्रेटरिएटहून रिक्षाने स्मारकाला गेलो. नाव सापडलं. त्याने ग्रॅनाइटच्या त्या विटेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

परतताना ऑफिसं सुटलेली. दाराशी अशी रेटारेटी, की मुंबईची लोकल आठवावी. एका गृहस्थाचा बूट याच्या डाव्या पायावर पडला. तो बिचारा सॉरी सॉरी करू लागला.

"कोई बात नहीं भाई, उस पैर को पता ही नहीं चलता."

गृहस्थाला काही कळलं नाही. आम्ही दोघं मात्र जोर बाग येईपर्यंत हसत होतो.

हौज खासला गर्दीतून मी त्याचा हात शोधत होतो. तोवर तो एकटाच जिन्यावर चढून वर निघालाही होता.